आमची वाटचाल: बारा ते अडीच

परळमधील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे हिशेबलेखनाचे आणि करविवरणपत्रे भरून देण्याचे छोटे कार्यालय आहे. माझ्यासह येथे आठ जण काम करतात. त्यांपैकी सहा स्त्रिया आहेत आणि आम्हां सहाही जणींनी आयुष्यात एकदा तरी चांगली चाललेली नोकरी सोडलेली आहे.

मी फोर्टमधील एका सनदी लेखापालांकडे नऊ वर्षे नोकरी केली. डोंबिवलीहून पावणेआठची फास्ट लोकल पकडायची आणि रात्री आठच्या सुमारास घरी पोहोचायचे, हा क्रम कधी चुकला नाही. २००९ मध्ये मुलगी झाली. त्या वेळी कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांची होती. ती संपल्यावर मी काही महिने पाच तासांचे काम मागितले, तेव्हा पूर्ण वेळ जमत नसेल तर राजीनामा द्यावा, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. मी राजीनामा दिला. त्यानंतर हळदीकुंकवाला कोणी विचारले की माझ्या तोंडून आपसूकच ‘हल्ली घरीच असते’ असे निघे आणि नऊ वर्षे ज्या कामाने माझी ओळख घडवली, ते काम त्या तीन शब्दांत पुसले जाई. ती सल मला आजही स्पष्ट आठवते.

२०११ मध्ये डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या तीन दुकानदारांच्या वह्या घरी लिहायला घेतल्या: एक कापडवाले, एक औषधविक्रेते आणि एक पोळीभाजी केंद्र. कामे वाढत गेली, दादर-परळकडील व्यापारीही येऊ लागले, म्हणून २०१४ मध्ये परळची ही जागा भाड्याने घेतली आणि दोन सहकारी नेमले.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि वर्षाकाठी उरकणारे काम महिन्याच्या चक्रात आले. ७ तारखेपर्यंतचा टीडीएसचा (आधीच कापून घेतलेल्या कराचा) भरणा आधीपासून होताच; आता त्यात विक्रीचे विवरण आणि २० पर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा देऊन जीएसटी भरण्याचे विवरणपत्र, यांची भर पडली. माणसे हवी होती, पण मोठे पगार देण्याची ऐपत नव्हती. ‘कामाची वेळ आपल्या सोयीने ठरवू’ अशी जाहिरात मी दिली, तेव्हा चाळीसहून अधिक अर्ज आले आणि त्यांतील बहुतेक अनुभवी स्त्रियांचे होते. बँकेत, विमा कंपनीत, लेखापरीक्षणात आठ-दहा वर्षे काम केलेल्या या स्त्रिया अर्जात ‘घर सांभाळून काम करू शकेन’ असे लिहीत होत्या. पुरुषाच्या अर्जात हे वाक्य मी कधीही वाचलेले नाही. मुलाखतीत मी प्रत्येकीला हे वाक्य बाजूला ठेवून केवळ कामाविषयी बोलायला सांगितले.

तरीही पहिली मोठी चूक माझीच झाली. अर्ध्या दिवसाला अर्धा पगार, असा सरळ हिशेब मी ठरवला. प्रत्यक्षात पाच तास संपल्यावरही मुदतीच्या तारखांच्या आधी सगळ्याजणी फायली घरी नेत, ग्राहकांचे फोन घेत आणि रात्री ताळा जुळवत. सहा महिन्यांनी आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकारी ताईंनी एक वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात तारीखवार प्रत्यक्ष तास लिहिलेले होते आणि माझ्या कोष्टकातील अर्धा दिवस तेथे पाऊण दिवसाहून मोठा भरत होता. दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या मला स्वतःच्या कार्यालयातला हा हिशेब दिसला नव्हता, याची मला मनापासून लाज वाटली. मागील सहा महिन्यांचा फरक मी दोन हप्त्यांत चुकता केला आणि एप्रिल २०१८ पासून पगार बसण्याच्या तासांवर न ठरवता सांभाळलेल्या फायलींची संख्या आणि त्यांची गुंतागुंत यांवर ठरवला. त्याच वेळी प्रत्येक फाइलच्या मुखपृष्ठावर ती सांभाळणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव छापायला सुरुवात केली. तोपर्यंत ग्राहक ‘तुमच्याकडच्या त्या बाई’ असे म्हणत. काही महिन्यांत ते नावाने विचारू लागले.

२०१९ मध्ये एका सहकारी मुलीने आपण गरोदर असल्याचे सांगितले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली होती, परंतु दहापेक्षा कमी माणसांच्या आमच्यासारख्या कार्यालयाला तो कायदा बंधनकारक नव्हता. पूर्ण २६ आठवडे पगार देणे मला परवडले नाही. सोळा आठवडे पूर्ण आणि पुढील दहा आठवडे निम्मा पगार आम्ही दिला. यापुढे पूर्ण रक्कम देता यावी म्हणून आता दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवतो.

टाळेबंदीच्या आधीच्या शनिवारी, २१ मार्च २०२० रोजी, मी कार्यालयातले दोन संगणक भाड्याच्या गाडीत घालून डोंबिवलीला आणले, कारण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील सगळी माहिती त्यांच्यातच होती. त्यानंतरच्या महिन्यांत मला एक गोष्ट उमगली, जिच्याविषयी आजही फारसे बोलले जात नाही. सोयीचे काम आणि घरून काम या दोन गोष्टी आम्ही एकच मानत होतो. आमच्या एक सहकारी नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसे, मुलाची शाळा मोबाइलवर, सासूबाईंचा दमा; त्या बाहेरच्या गॅलरीत पाटावर बसून नोंदी करीत. ‘मला घर नको, ऑफिसची किल्ली द्या,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी निर्बंध शिथिल होताच किल्ली त्यांच्या हाती दिली. नायगावहून त्या चालत येत आणि सकाळी सातपासून एकट्या काम करीत. मुंबईत अनेकींना शांत चार तास मिळण्याची जागा घराबाहेरच असते.

२१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना लोकलने प्रवासाची मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर एवढ्याच वेळात. अकराच्या गाडीने निघून बाराला पोहोचायचे आणि परतीची गाडी तीनच्या आत मिळावी म्हणून अडीचला उठायचे. त्या अडीच तासांत एकत्र बसल्याशिवाय होणारच नाही, तेवढेच काम करायचे ठरले: कागदी बिलांची पडताळणी, अडलेल्या नोंदी, सह्या. तीन-चार आठवड्यांत लक्षात आले की रोज दहा ते सहा बसून आम्ही एकमेकांकडून जे घेत होतो, ते या वेळात पुरेसे होते. निर्बंध उठले तरी मंगळवार आणि शुक्रवार, बारा ते अडीच, सर्वांनी एकत्र असण्याचा नियम आम्ही कायम ठेवला. उरलेले तास प्रत्येकाने आपले आपण ठरवायचे. विवरणपत्र दाखल करताना लागणारा ओटीपी ग्राहकाच्याच फोनवर येत असल्यामुळे मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारची एक वेळही ग्राहकांशी आधीच ठरवून घेतो.

एका जुन्या ग्राहकाला हे पटले नाही. दहा ते सहा खुर्चीवर माणूस दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ते सोडून गेले आणि त्या वर्षी आम्हांला ओढाताण सहन करावी लागली. दुसरी अडचण आम्हीच निर्माण केली होती. वेळ मोकळी झाल्याबरोबर माझे व्हॉट्सअ‍ॅप संदेश रात्री अकरालाही जाऊ लागले आणि उत्तरेही येऊ लागली. एका सहकाऱ्यांना अतिश्रमाने दहा दिवस अंथरुणाला खिळावे लागले, तेव्हा मला थांबावे लागले. आता रात्री आठनंतर गटावर कोणी लिहीत नाही, आणि मुदतीच्या दोन दिवसांचा अपवाद सोडला तर मीही हा नियम मोडत नाही.

आमच्याकडच्या दोन पुरुषांपैकी एकाच्या वडिलांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. ती सकाळ मोकळी हवी, हे सांगायला त्यांनी चार महिने घेतले. ‘ही सवलत बायकांसाठी आहे असं मला वाटत होतं,’ असे ते म्हणाले. त्या शब्दाने मला फार वाईट वाटले, कारण सवलत हा शब्द आमच्या प्रत्येक नेमणूक पत्रात होता आणि तो मीच लिहिला होता. त्या दिवशी सर्व पत्रे बदलली आणि त्यांत ‘कामाची वेळ’ एवढेच शब्द ठेवले.

ज्या ताईंनी तासांची वही माझ्यापुढे ठेवली होती, त्या येत्या एप्रिलपासून या व्यवसायात भागीदार होत आहेत. भागीदारीच्या करारनाम्याचा मसुदा वाचताना त्यांनी फक्त एक कलम वाढवायला सांगितले आणि ते मी तसेच लिहून घेतले: कामाचे दिवस, सोमवार ते गुरुवार, आणि शुक्रवारी बारा ते अडीच.