मिठाचा टुंड्रा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या असा निरोप आला, आणि पहिल्यांदा आठवलं ते आईच्या बरणीतलं मीठ.

साल 1984. मी नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हा चौघांच्या वाट्याला ‘जगातील नैसर्गिक प्रदेश’ हा विषय आला. (माझी नात आता त्याला बायोम म्हणते.) आंब्याच्या दोन पेट्या मोडल्या, फळ्या जोडल्या, वर खळीने कागद चिकटवला आणि सहा खण पाडले. सहारासाठी वाळू पुळणीवरून आणली. विषुववृत्तीय जंगलाला विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ आणि नेचे, आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाला काथ्या, त्यात पुठ्ठ्याचा गेंडा. तैगाची, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलाची, सूचिपर्णी झाडं म्हणून सुरूच्या डहाळ्या खोवल्या. टुंड्राला, म्हणजे त्याहून उत्तरेच्या झाडं नसलेल्या गोठलेल्या प्रदेशाला, बर्फ हवा होता, म्हणून मीठ.

प्रदर्शन ऐन श्रावणात. त्या दिवसांत मीठ उघडं ठेवायचं नसतं हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण आम्हा चौघांना सुचलं नाही. आईला विचारायची सोय नव्हती, कारण मीठ विचारून आणलेलं नव्हतं. सकाळी वर्ग उघडून बघतो तर टुंड्राला पाणी सुटलेलं, ते ओघळून सहारात शिरलेलं आणि वाटेत रेनडिअर आडवा पडलेला.

विज्ञानाचे सर आले. सर सांगोल्याकडचे. आमच्या सड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला, ते ‘माळ’ म्हणत आणि आम्ही मागच्या बाकांवर हसत असू. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर केलंय की. उन्हाळ्यात टुंड्रा असाच दिसतो.” आम्हाला वाटलं, थट्टा चाललीय. पण त्यांनी पुस्तक उघडायला लावलं. टुंड्रात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण 25 सेंटीमीटर, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. वाळवंटाची मर्यादाही तीच. “मग एका ठिकाणी वाळू आणि दुसरीकडे दलदल, असं का?” वर्गात शांतता.

दुपारी पावसाने उघडीप दिली तसे सर आम्हाला घेऊन शाळेमागच्या सड्यावर गेले. जन्मापासून तो सडा पायाखालचा. मे महिन्यात चपलेशिवाय पाऊल ठेवता येत नाही, गुरंसुद्धा तिथे थांबत नाहीत. पण त्या दिवशी सर उकिडवे बसले, म्हणून आम्हीही बसलो, आणि सडा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. जांभ्यावर जेमतेम दोन बोटं माती, तिच्यावर पाणी तरंगतंय, आणि त्या पाण्यात उभी असलेली झाडं घोट्याच्याही वर गेलेली नाहीत. पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं. एका जागी लालसर केसाळ रोपटं होतं, प्रत्येक केसाच्या टोकावर थेंब. दव असेल म्हणून मी बोट लावलं तर ते चिकटलं. आत एक चिलट अजून तंगड्या हलवत होतं. त्या रोपट्याचं नाव दवबिंदू. मातीत नत्र नाही म्हणून ते किड्यांकडून घेतं, असं सरांनी सांगितलं. त्याचा एक भाऊबंद उत्तरेकडच्या थंड दलदलीतही वाढतो, हेही सांगितलं.

सरांनी आपली छत्री कातळावर ठोकली. “इथे खाली दगड. तिकडे खाली कायमची गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरची हात-दोन हात माती सुटते, पाण्याला खाली जायला वाट नाही, आणि थंडीमुळे वाफही फारशी होत नाही. म्हणून एवढ्याशा पावसात तिकडे दलदल. झाडाला दोन-अडीच महिने मिळतात, तेवढ्यात फुलायचं, बी धरायचं आणि गप बसायचं. तुमच्या सड्याचंही तेच, फक्त ह्याला थंडी नाही, ऊन मारतं.” मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमच्याकडे वर्षभर पुरवायचा तेवढा पाऊस तुम्ही जुलैच्या पंधरवड्यात संपवता.”

पुस्तकात कोकण ‘मोसमी प्रदेश’ म्हणून एका रंगात रंगवलेलं होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पण त्याच पावसात देवराईत दिवसा अंधार, खाडीत तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली, आणि सड्यावर एक झुडूप नाही. आम्ही सातवा खण पाडला आणि त्यात सड्याचं ढेकूळ ठेवलं. टुंड्रावर मिठाऐवजी कापूस आला.

डिसेंबरात तालुक्याला गेलो. तिथल्या परीक्षकांनी सातव्या खणाकडे बघितलंही नाही. सरळ तैगातली सुरूची डहाळी उपटली आणि विचारलं, “हे काय?” सूचिपर्णी. त्यांनी ती ‘सुई’ मध्येच ओढली, ती पेरावर सुटली. लहानपणी आम्ही तशीच सोडवून परत जोडायचो आणि ‘कुठे तुटलं ओळख’ म्हणून पैज लावायचो. ते म्हणाले, ही सुई नाही, ही फांदी. पेरावर बारीक दात दिसतात ती ह्याची पानं. सुरू हे फुलणारं झाड, त्याला पाइनच्या पंगतीत कसं बसवलंत? आमचा नंबर तिथेच गेला. पहिला आला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस ओकणारा ज्वालामुखी. त्यात काय विज्ञान होतं ते मला अजून कळलेलं नाही. सुरूचं मात्र पटलं.

मी पुढे शास्त्रज्ञ वगैरे झालो नाही. एसटीत कंडक्टर झालो. बरीच वर्षं रत्नागिरी–सोलापूर गाडी केली, आणि आमची ती फळी रोज खिडकीबाहेर सरकताना पाहिली. पालीपर्यंत सडे आणि कलमं. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलं की अंजनी, जांभूळ, दाट सावली, काचेवर धुकं. मलकापूरच्या पुढे पाऊस उतरतो, कोल्हापूर-सांगलीला नदीच्या पाण्यावरचा ऊस. मिरज मागे पडली की बाभळी, बोरी, मेंढरं, आणि चहाला उतरलं की पँटला कुसळं. सांगोल्याला गाडी थांबायची तेव्हा पावसाळ्यातही स्टँडवर धूळ असायची. ढग सगळे सह्याद्रीने अडवलेले. नकाशावरची पर्जन्यछाया मी तिकिटं फाडत ओलांडत होतो.

परवा नातीने टॅबवर एक आलेख दाखवला. व्हिटेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा, 1975 चा. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला पाऊस, आणि मध्ये जगातली सगळी रानं बसवलेली. तिने विचारलं, आपण कुठे? मी बोट ठेवलं, मग सरांचं सांगोलं दाखवलं. तापमानाला फार फरक नाही, पावसाला केवढा तरी. “आणि सडा?” आलेखात सडा नव्हता.

जाता जाता एक. आमच्या तालुक्यांतल्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत हत्ती आहेत, आणि गेंडाही. आमचा गेंडा आफ्रिकेतल्या काथ्यात उभा होता.

ती फळी आईने दोन वर्षांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकली. सहा खणांचे रंग पावसाने गेले, पण मीठ मुरलेला कोपरा पांढरा राहिला. पाहुणे आले की आई त्यावर बोट ठेवून सांगायची, “ह्यात माझं अर्धा शेर मीठ आहे.”