स्टॅट कॉलने फाईलची कुंडली काढताना

बॅकअपसाठी स्वतःचा छोटासा प्रोग्राम सी मध्ये लिहायचा होता, लिनक्सवर. तयार कमांड आहेत की, पण मला कुठली फाईल बदलली, कुठली खरंच किती जागा खाते आणि कुठली नुसती लिंक आहे हे सगळं एकाच फेरीत पाहिजे होतं. हे सगळं स्टॅट या एकाच सिस्टम कॉलमधून मिळतं, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) केलेल्या विनंतीतून. पाथ द्यायचा, एक रिकामं स्ट्रक्चर द्यायचं, कर्नल ते भरून देतं. शून्य परत आला की झालं काम, उणे एक आला तर एर्नो बघायचा, काय चुकलं त्याचा कोड त्यात असतो.

यात फाईल उघडावी लागत नाही आणि गंमत म्हणजे फाईल वाचायची परवानगी नसली तरी चालतं. फक्त वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्यूटची परवानगी लागते. मी एका फाईलच्या सगळ्या परवानग्या काढून बघितलं, मजकूर दाखवणाऱ्या कॅट कमांडने नाही म्हटलं पण साईज आणि तारखा व्यवस्थित आल्या.

त्या स्ट्रक्चरमधल्या मोड या फील्डमध्ये फाईलचा प्रकार आणि परवानग्या एकाच आकड्यात असतात, ऑक्टलमध्ये छापला की साध्या फाईलला १००६४४ असं काहीतरी दिसतं. प्रकारासाठी तयार मॅक्रो आहेत ते वापरा, बिटांशी झटापट कशाला.

खरा घोळ लिंकचा. सिंबॉलिक लिंक म्हणजे नुसता दुसरीकडचा पाथ सांगणारी नोंद, स्टॅट तिच्या मागे जातो आणि पलीकडच्या फाईलची माहिती देतो, पलीकडे काही नसेल तर अशी फाईलच नाही म्हणून मोकळा, नाव तर समोर यादीत दिसतंय! लिंक आपल्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर प्रोग्राम आत आत जात राहतो आणि ४० लिंकांनंतर कर्नल ईलूप हा एरर देऊन थांबवतं. फोल्डर फिरताना म्हणून एलस्टॅटच घ्यायचा, तो लिंकचीच माहिती देतो.

मग साईज. व्हर्च्युअल मशीनची डिस्क इमेज २० जीबी दाखवत होती आणि डिस्कवर तेवढी जागा गेलेलीच नव्हती, कारण अशा फाईलमध्ये मोठमोठी भोकं असतात. प्रत्यक्ष जागा ब्लॉक्सच्या फील्डमधून काढायची आणि तिथे गुणायचं ५१२ ने, शेजारच्या ब्लॉकसाईजने नाही, ती वाचायला-लिहायला सोयीची साईज असते, बहुतेक ४०९६. दोन फील्ड शेजारी ठेवून हे असं कोणी ठरवलं देव जाणे. हार्ड लिंक म्हणजे त्याच फाईलचं आणखी एक नाव, तिची जागा दोनदा मोजली जाऊ नये म्हणून लिंकसंख्या एकपेक्षा जास्त असली की डिव्हाईस आणि आयनोड (फाईलसिस्टीममधली फाईलची नोंद) नंबरची जोडी लक्षात ठेवली, नुसता आयनोड नंबर पुरत नाही कारण दुसऱ्या फाईलसिस्टीमवर तोच नंबर असू शकतो.

तारखांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एमटाईम म्हणजे आतला मजकूर बदलला ती वेळ, पण टच कमांडने कोणीही ती मागेपुढे करू शकतो. सीटाईम आयनोड बदलला की बदलते, चमॉडने परवानग्या बदलल्या तरी, नाव बदललं तरी बहुतेक ठिकाणी, आणि ती हवी तशी लिहायची सोय कुठल्याच कॉलमध्ये नाही. बॅकअपवाल्याने म्हणून सीटाईमवर भरवसा ठेवावा असं माझं मत, थोड्या फाईली उगाच पुन्हा तपासल्या जातील, जाऊ दे. एटाईमच्या, म्हणजे शेवटच्या वाचनाच्या वेळेच्या, नादी लागू नका, लिनक्समध्ये रिलेटाईम ही माउंटची सेटिंग असल्याने दर वाचनाला ती बदलत नाही.

शेवटी स्टॅट आणि ओपनच्या मधल्या फटीत कोणी फाईल बदलली तर? म्हणून कॉपी करताना आधी ओपन, मग ओपनने दिलेल्या त्याच डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाईलच्या नंबरवर) एफस्टॅट, म्हणजे पाथऐवजी डिस्क्रिप्टर घेणारा स्टॅट. फाईल जन्मली कधी ते मात्र यातल्या कशातच मिळत नाही, त्याला २०१७ मध्ये ४.११ कर्नलबरोबर आलेला स्टॅटएक्स लागतो, आणि त्यातही परत आलेल्या मास्कमध्ये (कुठली फील्ड भरली ते सांगणाऱ्या आकड्यात) बीटाईमचा, म्हणजे जन्मवेळेचा, बिट आहे का ते आधी बघा, नसेल तर तिथली तारीख धरू नका.