पाटावरचे गणपती: आमची वाटचाल

आषाढ लागला की आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, पाट यायला सुरुवात होते. कोणाचा फणसाचा, कोणाचा शिवणीचा. काही पणजोबांच्या वेळचे, पाठीमागे घराचं नाव रंगाने लिहिलेलं. ज्या घरचा पाट त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडवायचा, ही सिंधुदुर्गातली जुनी रीत. तयार मूर्ती ट्रकने गावोगाव उतरू लागल्या तरी आम्ही ती सोडली नाही. पाटावर काम केलं की मूर्ती कमी होतात आणि जागा जास्त अडते. पण समोरचा गणपती कुठल्या घरात, कुठल्या माटवीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीखाली) बसणार हे माती हातात घेतानाच माहीत असतं, आणि या कामाची गोडी त्यातच आहे.

पाटाबरोबर घराच्या आठवणीही येतात. एका घरी गणपती नागाच्या फण्याखालीच बसतो, दुसरीकडे पितांबर लालच लागतं, तिसऱ्या घरी उंची पिढ्यानपिढ्या तीच. हे सगळं शाळेच्या वहीत घरवार लिहिलेलं असतं: पाटाचं माप, बैठक, सोंडेची बाजू, पितांबर आणि शेल्याचे रंग, माटवीची उंची. माटवीला नारळ, कवंडळं, सुपारीचे घोस लटकतात, त्यामुळे मुकुटाच्या वर निदान वीतभर मोकळं लागतं. औंदा मूर्ती थोडी मोठी करा, असं मुलं म्हणाली तर आधी वही उघडून हे अंतर बघायचं.

पूर्वी सगळं काम मळ्यातल्या चिकणमातीवर चाले. वैशाखात ती खणून, सुकवून, कुटून बारीक चाळणीने चाळावी लागते, कारण आमच्या मातीत जांभ्याची कच असते आणि एक खडा राहिला तरी कोरताना गालावर ओरखडा उठतो. आता गुजरातेतून येणारी शाडू वापरतो. ती मऊ आणि निर्मळ असते, पण सुकल्यावर ठिसूळ. म्हणून तीन भाग शाडूला एक भाग गावची चाळलेली माती घालतो. गावची माती चिवटपणा देते. मात्र ती आकसते जास्त, त्यामुळे प्रमाण याहून वाढवत नाही. दोन दिवस भिजवून पायाने तिंबायची, मग हाताने. बोटाला चिकटेनाशी झाली आणि गोळी वळून दाबल्यावर कडेला चिरली नाही, की माती तयार.

धड साच्यातून काढतो, हात-सोंड-कान हाताने लावतो. साच्यात माती अर्धा ते पाऊण इंच जाड, सगळीकडे सारखी दाबायची. तडा जातो तो मुख्यतः जाडीतल्या फरकामुळे: पातळ भाग आधी सुकून आकसतो, जाड भाग ओला राहतो, आणि दोघांच्या सीमेवर माती फाटते. हात दंडाशी जोडताना दोन्ही बाजू खरवडून मधे पातळ माती लावायची. जोडाच्या मातीत इंचभर कापलेला काथ्या मिसळायचा. बोटांना आणि उंदराच्या शेपटीला आतून माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पात्याची ताठ काडी, घालतो. तार घालत नाही, ती गंजते आणि विसर्जनानंतर पाण्यात तशीच राहते. हीर मात्र आधी भिजवून घ्यावा लागतो, नाहीतर तो मातीतलं पाणी ओढतो आणि बोट तिथेच चिरतं.

पाटाचा स्वतःचा एक त्रास आहे. माती सुकताना फुटामागे अर्धा-पाऊण इंच आकसते, लाकूड जागचं हलत नाही. बैठक पाटाला घट्ट धरून बसली तर तळाशी उभ्या चिरा पडतात. त्यासाठी पाटावर आधी चाळलेली राख पसरायची, तिच्यावर बैठक थोडी सरकते. पूर्ण सुकल्यावरच कडेने माती भरून मूर्ती पक्की करायची.

बाकी सगळं पावसाच्या हाती. चवथ दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास पडला की पुढे जाते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अलीकडच्या तारखेला सुकवणीचे दिवस नेमके मुसळधार पावसात सापडतात, म्हणून त्या वर्षी मातीकाम वैशाखातच सुरू करावं लागतं. सुकवणी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर. बल्ब लावायचा तर लांबून. जवळच्या उष्णतेने वरचा थर आधी आवळतो. मूर्तीला गाल लावून पाहायचा. गार लागली तर आत ओल आहे. तिच्यावर रंग चढवला तर पांढऱ्यावर बुरशीचे ठिपके येतात.

पॉलिश हे सगळ्यात शांत काम. अर्धवट सुकलेल्या अंगावरून ओला ब्रश फिरवत बोटांचे ठसे मिटवायचे. घाईत जास्त पाणी लागलं तर कोरलेले दागिने बोथट होतात. मग व्हाइटिंगचे, म्हणजे डिंकात कालवलेल्या पांढऱ्या खडूच्या भुकटीचे, दोन पातळ हात. डिंक जास्त झाला तर पापुद्रे सुटतात, कमी झाला तर पांढरं हाताला लागतं.

आखणी शेवटी. मूर्ती घरात बसेल त्या उंचीवर ठेवूनच डोळे काढायचे. वरच्या पापणीची रेघ जाड, खालची बारीक. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं, म्हणजे नजर खाली, पाया पडणाऱ्याकडे येते. बुबुळ मधोमध तरंगतं राहिलं तर डोळे वटारल्यासारखे दिसतात. उजवा डोळा आधी आणि डावा त्याच दमात, अर्ध्या कामावरून उठायचं नाही. दोन्ही डोळे जुळले की शाळेतले सगळे हातातलं काम टाकून बघायला येतात. इतकी वर्षं झाली तरी तो आनंद उतरलेला नाही.

व्यवसाय म्हणून फक्त चवथीवर भागत नाही. नागपंचमीचे नाग, गोकुळाष्टमीचे कृष्ण, नवरात्रातली देवी, उन्हाळ्यात देवळांची रंगकामं, असं वर्ष बांधलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्ती विसर्जनाबद्दलच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर मातीच्या मूर्तीबद्दल विचारणा होत राहते. तरी पाट ठेवायला फळ्यांवर जेवढी जागा, तेवढीच कामं घेतो. पाटावरच्या ओल्या मूर्ती एकावर एक रचता येत नाहीत.

नवीन घरासाठी पाट करून घ्यायचा असेल तर फणसाची निदान वर्षभर सुकलेली फळी घ्यावी, जाडी सव्वा इंच, मागे दोन आडव्या पट्ट्या. ओल्या फळीचा पाट मूर्तीखाली वाकतो. रंग किंवा व्हार्निश वरच्या बाजूला लावू नये. मूर्तीच्या उंचीबरोबर माटवीची उंचीही मोजून सांगावी, आणि पाट आषाढ लागताच पोचवावा.