भरलेली बाटली

मंगळवार, रात्रीचे ११.१०

लेक झोपली. नवरा साडेआठलाच ऐरोलीला गेला, या आठवड्यात त्याची रात्रपाळी. ओटा पुसला, चवळी भिजत घातली. आज रिपोर्ट आले म्हणून वही उघडलीय.

लघवीत जंतुसंसर्ग, चार महिन्यांत दुसऱ्यांदा. हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. डॉक्टर मॅडमनी शांतपणे विचारलं, "दिवसात पाणी किती पिता?" मी गप्प.

कारण उत्तर लाजिरवाणं आहे. पहाटे पाचला अर्धा कप चहा. मग डबे, वेणी, पाळणाघराची पिशवी, आणि ७.४८ची फास्ट लोकल. निघायच्या आधी पाणी प्यायचं नाही. डोंबिवलीहून दादरपर्यंत तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला मिळालं तरी नशीब, तिथे मध्येच उतरून कुठे जाणार? आणि स्टेशनावरच्या त्या मुतारीत पाय ठेवायची हिंमत कुणाची? ऑफिसात कामाच्या नादात राहून जातं. चारनंतर पुन्हा बंद, परतीची गाडी असते ना. कमी प्यायचं आणि वर तासन्‌तास दाबून ठेवायचं. जंतूंना आणखी काय हवं!

संध्याकाळी गाडीत मेथी निवडणाऱ्या ताईंना हे सांगितलं. मान वर न करता म्हणाल्या, "तुझं इन्फेक्शनवर निभावलं गं. मला मुतखडा झाला होता." समोरच्या दोघी हसल्या. म्हणजे त्यांचंही तेच. इतकी वर्षं एका डब्यात बसतोय आणि हे कधी बोललो नव्हतो.

लेकीच्या दप्तरातली बाटली मी रोज हलवून बघते. उरली असेल तर ओरडते. माझी भरलेली परत येते, ती तुळशीत ओतते. तुळस मात्र काय टरारलीय!

लेकीच्या जन्माच्या वेळी मला २६ आठवडे पगारी रजा मिळाली. २०१७ साली कायदा बदलल्याचा फायदा. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, हेही त्याच बदलात आलं. आमच्या ऑफिसात ते कागदावरच राहिलं. पण खरं सांगू, असतं तरी त्या गर्दीत तान्ह्या पोरीला दादरपर्यंत आणलं असतं का मी? नवऱ्याला तर पाचच दिवस मिळाले होते. खासगी नोकरीतल्या बापाला रजा द्यायचं कायद्याने बंधनच नाही.

त्याला नुसतं दोषी धरावं तर तेही जमत नाही. सरकारच्या २०२४च्या वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "माझी शंभर तरी धर." धरली. भांडी तोच घासतो. पण दिवसा झोपायला गेला की भाजीवाला, कुकर, शेजारचं ड्रिल. मग दुपारी लेक त्याच्या पोटावर येऊन बसते. अडतिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी त्यालाही झोप पूर्ण करायला सांगितलंय. कधी, ते नाही सांगितलं.

आजारपणाच्या रजा चार उरल्यात. त्या लेकीच्या तापासाठी राखून ठेवल्यात. माझ्या स्वतःच्या आजारपणासाठी शेवटची कधी घेतली होती, आठवत नाही. आजही तपासणीला अर्ध्या दिवसाचा पगार कापून गेले. साहेबांनी "सगळं ठीक ना?" विचारलं, मी "हो हो, रूटीन" म्हणाले. का म्हणाले असं?

सोनोग्राफी शनिवारी करायला सांगितलीय. शनिवारी लेकीच्या शाळेत खेळाच्या स्पर्धा आहेत, लिंबू-चमचा. सकाळी लवकरची वेळ मिळते का, उद्या फोन करून बघते.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, चहा तिच्यापासून तासभर तरी लांब. म्हणजे ऑफिसातला अकराचा चहा गेला. तेवढ्यासाठी जीव हळहळला, खोटं का बोलू.

लेक झोपेत खोकली आत्ता. कपाळ बघून येते.