आपलाच माणूस पुढं

आज परभणीत वरातीत मास्तरनी मागच्या रांगेतल्या क्लॅरनेटवाल्या काकांना पुढं बोलावलं अन् बाकी बँडला हळू वाजवा म्हणले, काकांचे गाल फुगलेले, घाम टपकतोय, बोटं थरथरायलीत पण सूर एकदम सरळ, लै भरून आलं. पाश्चात्त्य संगीताच्या ऑर्केस्ट्रातबी असंच, बाहेरचा मोठा सोलोइस्ट, म्हणजे एकट्यानं पुढं वाजवणारा, न बोलवता कधी कधी रांगेतल्याच माणसाला उभं करतेत अन् त्याला शोभंल असाच कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढं अन् बाकी ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, निवडतेत. ऑस्ट्रियाच्या हायडन या संगीतकारानं तर १७६०च्या दशकात एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या दरबारातल्या आपल्याच चेलोवाल्यासाठी (चेलो म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य), योझेफ वाइगलसाठी, सी मेजर कॉन्चेर्टो लिहिला, तो पुढं हरवला अन् थेट १९६१ला प्रागमध्ये सापडला! रोज सोबत बसणाऱ्याचा हात कुठं खुलतो ते सोबतच्यालाच कळतं. मास्तरनीबी काकांना नाचाचं नाही, संथ गाणं दिलं.