निळ्या पट्ट्यातला जाळ

त्या आठवड्याच्या नकाशावर देवराईचा पट्टा निळा होता. आमच्या रंगपट्टीत निळा म्हणजे ओला, तिकडे काळजी नको. मंगळवारी दुपारी सव्वातीनला वणवा बरोबर त्याच पट्ट्यातून वर चढला.

गावाचं नाव लिहीत नाही. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूला निघालं की वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मध्ये कारवीची झुडपं, ओढ्याकाठी देवराई आणि पायथ्याला भाताची खाचरं अशी डोंगररांग लागते. त्यातलंच एक समजा.

माझं काम सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे उपग्रहातनं आग बघता होय?" आग नव्हे, आगीच्या आधीचं कोरडेपण बघते. सेंटिनेल-२ ही उपग्रहांची जोडी, आमच्या डोंगरावरून दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास जाते. पानातलं पाणी स्विर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यातला प्रकाश पिऊन टाकतं, जवळचं अवरक्त मात्र पान परत फेकतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की उणे एक ते अधिक एक यांमधला आकडा मिळतो. त्याला आम्ही एनडीएमआय, म्हणजे ओलाव्याचा निर्देशांक म्हणतो; आकडा जितका मोठा तितका ओलावा जास्त. स्विरचा एक ठिपका वीस मीटर बाय वीस मीटर, आपल्या हिशेबानं जेमतेम चार गुंठे. त्या चार गुंठ्यांत जांभूळ, कातळ, गवत, पायवाट काहीही असलं तरी आकडा एकच.

पण नुसता आकडा निरुपयोगी. जमिनीवर जाऊन तो ताडून बघावा लागतो, आणि या कामाचा मला खरा अभिमान आहे. दव पुरतं उडाल्यावर, बारा ते तीनच्या उन्हात नमुने घ्यायचे. कात्रीनं गवत कापायचं, पानं तोडायची आणि तिथल्या तिथे वजन करायचं, कारण गाडीपर्यंत येईतो पाणी उडून जातं. प्रयोगशाळेचा तराजू जंगलात नेता येईना, म्हणून मी गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात जाऊन सोनाराकडे असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा तराजू घेतला. दुकानदारानं विचारलं, काय मोजणार? म्हटलं, गवत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग कागदी पिशव्या ओव्हनमध्ये चोवीस तास. ओल्या वजनातून वाळलेलं वजा करायचं आणि वाळलेल्यानंच भागायचं. त्यामुळे हिरव्या पानात ओलावा शंभर टक्क्यांच्या वर जातो. आमच्या साहेबांनी एकदा अहवालातले १४० टक्के टंकनदोष समजून स्वतःच्या हातानं १४ केले होते. नकाशा लालभडक व्हायला तेवढं पुरलं.

तर, नकाशा बुधवारच्या प्रतिमेचा, शुक्रवारी मी तो वनपालांना दिला. सड्यावरचं गवत उणे ०.१५, देवराई ०.३८. हा फरक बघून मी स्वतःवर खूश होते. माणसं सहा, पाचोळा उडवून लावणारे ब्लोअर दोन. बैठकीत ठरलं की सगळे सड्यावर, तिथली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, आधी साफ करायची. त्यांच्यात एक वनमजूर आहेत, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. ते म्हणाले, "मॅडम, दोन गडी वड्याकडं ऱ्हाऊ द्यात की. त्ये वरनं हिरवं दिसतंय न्हवं, खाली पाय टाकला की कुरकुर वाजतंय."

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "मामा, हा आकडा बघा. तिथं भरपूर ओलावा आहे." ते काही बोलले नाहीत. आकड्यापुढे कोण काय बोलणार? वनपालांनाही रंग आवडतात. लाल-हिरव्या कागदावर बोट ठेवून माणसं वाटून देता येतात, वर विचारलं तर कागद दाखवता येतो. याचा राग मला त्यांच्यावर काढता येत नाही, कारण कागद माझाच होता.

मंगळवारी मी नमुन्यांसाठी सड्यावर होते. पायथ्याला कुणीतरी तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजत होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे प्रत्येक खाचरात धूर असतो, त्यामुळे धुराकडे कुणी बघतही नाही. वारा उताराकडे वळला आणि जाळ बांध ओलांडून कारवीत शिरला. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. इथली आदल्या पावसाळ्यातच फुलून गेली होती. म्हणजे अख्ख्या उतारावर माणसापेक्षा उंच, वाळलेल्या काठ्या उभ्या. त्यांना जाळ लागतो तेव्हा फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज येतो. तो ऐकूनच मामा धावले. कारवीतून जाळ देवराईत गेला आणि तिथे त्यानं आवाज बंद केला. मोठ्या झाडांखाली तो पाचोळ्यातून चालला, घोट्याएवढा, कुठे गुडघ्याएवढा. वरची पानं हिरवीगार, धूर त्यांच्यातून गाळून बाहेर पडत होता. दिसायला काहीच नव्हतं, फक्त जमीन काळी होत पुढे सरकत होती.

ब्लोअर सड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. ते घेऊन ओढ्यापर्यंत उतरायला चाळीस मिनिटं लागली. तोवर आम्ही तिघं ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. डहाळी ओली असली तरी दहा मिनिटांत तिचा झाडू होतो. रात्री आठला ओढ्याच्या काठावर आग थांबली. कुणाला इजा झाली नाही.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीचे संदेश मोबाईलवर येतात. त्या रात्री मी वाट बघत बसले. आला नाही. तो दोष संदेश पाठवणाऱ्यांचा नाही. आग टिपणारा व्हीआयआयआरएस संवेदक दुपारी दीड-दोनच्या सुमारास आणि पुन्हा रात्री तेवढ्याच वाजता वरून जातो, आणि आमचा जाळ नेमका त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटून विझला. शिवाय त्याचा ठिपका ३७५ मीटरचा आणि जाळ झाडांच्या छताखाली. नकाशावर त्या दिवशी करवीर-शिरोळकडे मात्र ठिपकेच ठिपके होते. ते उसाचं पाचट. जे जाळलेलं सगळ्यांना रस्त्यावरून दिसतं, ते उपग्रहालाही व्यवस्थित दिसतं.

पुढच्या प्रतिमेवर मी जळिताचा निर्देशांक काढला, आधीचा वजा नंतरचा. कारवीचा उतार स्वच्छ दिसला. देवराईत फरक जवळपास शून्य. अहवालाच्या तक्त्यात 'जळालेले क्षेत्र' असा रकाना असतो. मी पायी फिरून घेतलेली हद्द भरली होती. वरून फोन आला की उपग्रहात दिसत नसेल तर देवराईचं क्षेत्र कशाला धरता? छत शाबूत आहे ना? शेवटी फक्त कारवी धरली गेली. जी आग माझ्या नकाशानं सांगितली नाही, ती झालीच नाही असंही माझ्याच नकाशाच्या आधारानं ठरलं.

मे महिन्यात देवराईचा आकडा घसरू लागला. खोडाच्या तळाशी साल भाजली की झाड लगेच मरत नाही, पानं काही आठवड्यांनी तपकिरी होतात. ०.३८ चे ०.२१ झाले. मी तो आलेख पाठवला. उत्तर आलं, उन्हाळ्याचा परिणाम असेल. शेजारच्या, न जळलेल्या देवराईचा आकडा तेवढ्याच उन्हाळ्यात ०.३५ होता, तेही मी पाठवलं. त्यावर अजून उत्तर नाही.

मामांना मी नंतर विचारलं, तुम्हाला कळलं होतं का तिथनंच येणार? मला वाटलं होतं ते हो म्हणतील, म्हणजे मला दोष घेऊन मोकळं होता आलं असतं. ते म्हणाले, "कशाचं कळतंय! देवाची जागा हाय, दोन माणसं असावीत, म्हून म्हनलं." मग कुरकुर? तर म्हणाले, "ती खरीच हाय. पर कुरकुर समद्या डोंगरात हाय." त्या दोन गड्यांनी काय केलं असतं, हेही मला ठरवता येत नाही. ब्लोअरशिवाय दोघं आणि कारवीकडून येणारा जाळ. आणि त्या दिवशी सडा पेटला असता तर आज मी उलटंच काहीतरी लिहीत असते.

एवढं मात्र झालं की आता मी पाचोळ्याच्याही पिशव्या भरते. ज्याला पाणी म्हणून मी दाखवत होते ते पंधरा मीटर उंचीवरच्या पानांतलं होतं, आणि जळत होतं ते खालचं. जानेवारीपासून दर फेरीत मामा मूठभर पाचोळा चुरगळतात, कानाजवळ नेतात आणि सांगतात: "आज पेटंल" किंवा "न्हाई पेटायचं." मी ते वहीत लिहिते आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनचा आकडा त्याच्यापुढे. आतापर्यंत अकरा नोंदी, त्यांतल्या तीनदा ओव्हनचं आणि मामांचं जमलं नाही. साहेबांनी परवा वही चाळली आणि विचारलं, या पहिल्या रकान्याचं एकक काय?