संकष्टी, सुंठ आणि उजवी बाजू

रविवार, सकाळचे अकरा

आज ठणका नाही. डोकं नुसतं जड आहे आणि मान अवघडलीये. अर्धशिशीच्या दुसऱ्या दिवशी मला फार बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

काल संकष्टी. सकाळी घरी चहा, पतसंस्थेत साडेदहाला आणखी एक, बाकी पोटात काही नाही. त्यात सोलापूरचा मे महिना. अडीचच्या सुमाराला कुणाच्या तरी पासबुकातला आकडा वाचत होते, तर मधला सातच दिसेना. मग डोळ्याच्या कडेला ती ओळखीची चमचमती रेघ आली, करवतकाठी लुगड्याच्या काठासारखी दातेरी. ती दिसली की माझ्या हातात वीस-पंचवीस मिनिटं असतात. तेवढ्यात रिक्षा, घर, पडदे. काल रिक्षावाल्याने गाणी लावली होती. बंद करा म्हणायचीसुद्धा ताकद नव्हती.

"उठलं का गं डोकं?" सासूबाईंनी दारातच विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं, उजवा डोळा बारीक होतो म्हणे.

गोळी घेतली. ती लवकरच घ्यावी लागते, कारण एकदा दुखणं चढलं की जठर मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. पण मागच्या वर्षी मी या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. महिन्यातले दहा-बारा दिवस, असं चार महिने. मग डोकं गोळीमुळेच दुखायला लागलं. हे होऊ शकतं यावर माझा विश्वास बसला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला तेव्हा बसला. तेव्हापासून घरगुती उपायांकडे मी जरा आदराने बघते.

सगळे करून झालेत. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, हा माहेरचा. आजोबा सांगायचे, हे दुखणं सूर्याबरोबर चढतं आणि सूर्याबरोबर उतरतं. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितलेत, त्यात अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, आहे तसा सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्तही आहे, म्हणजे आजोबांचं अगदीच मनचं नव्हतं. जिलेबीने मला दोनदा बरं वाटलं. आता वाटतं, त्यात जिलेबीची कमाल कमी आणि पहाटे पोटात काहीतरी पडल्याची जास्त. नाकात साजूक तुपाचे दोन थेंब मी महिनाभर टाकले. नाक मऊ राहिलं, डोकं होतं तिथेच. लवंगेच्या तेलाचं तर नाव नको, झटक्यात वास म्हणजे वैरी. काल शेजारच्या लसणाच्या फोडणीनेच मला उलटी झाली. कोरी कॉफी मात्र सुरुवातीलाच घेतली तर उपयोगी पडते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन घालतात. फक्त रोजची सवय नको, नाहीतर न मिळाल्याच्या दिवशी तीच डोकं धरते. बर्फ पंचात गुंडाळून मानेखाली ठेवला की ठोके जरा लांबून आल्यासारखे वाटतात.

आणि सुंठ. बाळगुटीची जुनी सहाण आहे, माझ्या मुलासाठी आणलेली. तो आता अकरावीत आहे. सासूबाई तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकतात आणि सुंठेचा तुकडा गोल गोल फिरवतात. अंधारात पडल्या पडल्या तो आवाज ऐकू येतो, बारीक, खरखरीत, अजिबात न थांबणारा. बाकी कुठलाही आवाज सहन होत नसताना हा कसा चालतो, मला आजवर कळलेलं नाही. मग बोटाने कपाळावर उजवीकडे, भुवईपासून कानशिलापर्यंत लेप. आधी गार, मग चुरचुर, मग चांगली आग. दहा मिनिटांत कातडी ओढल्यासारखी होते, लेप वाळतो, तडकतो, खपल्या उशीवर पडतात. आतलं दुखणं गेलेलं नसतं. पण कपाळावरच्या आगीकडे लक्ष जातं आणि तेवढा वेळ सुटका होते.

सुंठेवरचा एक प्रयोग मी वाचून ठेवला होता. इराणमधला, २०१४ साली छापून आलेला. शंभर रुग्ण, काहींना सुंठपूड आणि काहींना सुमाट्रिप्टान, ही अर्धशिशीची नेहमीची गोळी. दोन तासांनी दोन्हीकडे आराम जवळपास सारखाच. मात्र नुसतं खोटं औषध दिलेला तिसरा गट नव्हता, आणि ती सुंठ पोटात घ्यायची होती. मी सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग कपाळाला लावते आणि चहातही घालते. वाद कशाला?"

डॉक्टरांनी एक मात्र बजावलंय. अचानक वीज पडल्यासारखं दुखलं, हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर सहाण शोधत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

खरी गोष्ट या वहीने सांगितली. जानेवारीपासून प्रत्येक झटका लिहितेय: काय खाल्लं, किती झोपले, उन्हात गेले का, पाळी कधी. काल रात्री जाग आल्यावर मोबाइलच्या मंद उजेडात मोजलं. अकरा झटके. त्यातले सहा उपवासाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. एकही चॉकलेटने नाही, आणि मी तीन महिने उगाच सोडलं होतं!

हे घरात बोलायचं कसं, हा प्रश्न. वैशाखातल्या चतुर्थीला चंद्र दहा वाजून गेल्यावर उगवतो. काल सासूबाई पंचाहत्तराव्या वर्षी तोवर उपाशी होत्या आणि मध्येच माझ्यासाठी सुंठ उगाळत होत्या. त्यांना वही दाखवायला मला लाज वाटली. तरी आज सकाळी दाखवली. चष्मा लावून त्यांनी पानं उलटली, बोट ठेवून तारखा बघितल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या.

"साबुदाण्याला कुणी नाही म्हटलं होतं?" एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "पुढच्या चतुर्थीला डबा देईन. एक वाजता खायचा. चहावर भागवायचं नाही."

उशीचा अभ्रा भिजत घालायचाय. आधी गच्चीत झटकायला हवा, नाहीतर सुंठेची खर बादलीभर पसरते.